मेणावरचं कुंकू

आमच्या दारात गाडी आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काळी अँबॅसिडर, सांगलीच्या एका अडत्याने वापरून सोडलेली. मी वाईची. आमच्या आळीत कुणाच्या दारात मोटार उभी राहिली, की आत कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय आणि डॉक्टर आलाय असं समजायचं. सासरी मात्र ती गाडी घरातलं सगळ्यात लाडकं माणूस होऊन बसली. माणसांचे लाड करायची त्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे साठलेला सगळा लाड तिच्या वाट्याला आला.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सगळी नोकरी त्यांनी फौजी गाड्यांच्या देखभालीत काढली होती. घरातलं कुणी तापाने फणफणलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, पण बॉनेटवर चरा दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. सुरुवातीला त्यांनी मुलांना गाडी पुसायला लावलं. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी अंगठीने दारावर ओरखडा काढला. मग मला हाक आली. माझ्या हातात तेव्हा मनगटभर हिरवा चुडा. मामंजींनी तो बघितला आणि पुढे केलेलं फडकं मागे ओढून घेतलं.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर आल्या. माझे मोठे दीर विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेले, ते मी त्या घरात यायच्या आधीच. मागे जाऊबाई आणि एक मुलगी. मामंजी त्यांना म्हणाले, "तू ये गं हिकडं. तुज्या हातात ना बांगडी, ना आंगठी. चरा पडायचा न्हाई."

मी त्यांच्या जागी असते तर पाटीतलं शेण त्या बॉनेटवर थापलं असतं. जाऊबाईंनी पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि फडकं घेतलं.

त्या दिवसापासून गाडी त्यांची झाली. म्हणजे पुसण्यापुरती. मामंजी खुर्ची टाकून बसत आणि शिकवत. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, कोरडं फडकं धुळीवर फिरवायचं नाही. उन्हात धुवायची नाही, चिंचेच्या सावलीत घ्यायची. मऊ झालेल्या जुन्या धोतराने टिपायची. मग मेण. हे मेण घरीच व्हायचं. बांधावरच्या आंब्याला मधाचं पोळं लागे, त्याचं मेण वितळवून गाळायचं, चुलीपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन घालायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. फडक्याला बोटभर मेण घेऊन लहान लहान गोल फिरवायचे, त्याच्यावर पांढुरकी साय धरली की दुसऱ्या धोतराने घासून चमक काढायची. शेवटी मामंजी उठायचे, तांब्यात बोटं बुडवून बॉनेटवर पाणी शिंपडायचे. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर मेण बसलं. पाणी पसरून राहिलं तर, "ठरतंय अजून. परत लाव."

टर्पेंटाइन घालायच्या आधी त्या मेणातला एक गोळा आत्याबाई, माझ्या सासूबाई, बाजूला काढून घेत. तो घरातल्या सवाष्णींच्या कपाळाला. तेव्हा आम्ही सगळ्याच कपाळावर आधी मेणाचं बोट लावत असू आणि त्यावर कोरडं कुंकू दाबून बसवत असू. तेही मेण जाऊबाईच गाळत. डबीत भरून आत्याबाईंच्या हातात देत आणि बाजूला होत.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लोणंदजवळचं स्थळ, मुलगा चांगला होता. लग्न मुलाच्या दारात. कन्यादान करायचं होतं मी आणि माझ्या नवऱ्याने. हळदीला, चुड्याला, रुखवताच्या पूजेला जाऊबाईंनी पुढे यायचं नाही हे तर गृहीतच. पण त्या एक दिवस मामंजींच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही मागताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"आवं मामंजी, मांडवाच्या पार कडंला बसंन. कुणाच्या म्होरं याची न्हाई. अक्षता तेवढ्या टाकीन. मला गाडीत पोरीजवळ बसून येऊ द्या."

मामंजींनी गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "आरशागत कर. मग बस मागच्या शिटावर."

झालं. लग्नघरात इतकी कामं असताना जाऊबाई पहाटेची भाकरी थापून झाली की गाडीपाशी. मडगार्डच्या आतल्या कडा, दारांचे सांधे, मागच्या दिव्याच्या खोबणी, कुठेही बोट फिरवा, काळं लागायचं नाही. बॉनेटवर तर त्यांनी मेणाचे किती हात दिले कुणास ठाऊक. त्यांची मुलगी ओसरीवर मेंदीचे हात पुढे धरून बसलेली असे आणि तिथून विचारी, "आई, झालं का गं?" जाऊबाई म्हणत, "व्हईल की. तुला भांग पाडायचा आसंल तर हितं येऊन पाड." दोघी हसत. त्या घरात तसं हसणं मी फार ऐकलं नव्हतं.

निघायच्या सकाळी मामंजींनी इन्स्पेक्शन केलं. पाणी शिंपडलं. मणी घरंगळत खाली गेले. "शाबास," ते म्हणाले. त्या घरात हा शब्द मी तेव्हाच ऐकला. जाऊबाई आत जाऊन धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आल्या आणि पिशवी घेऊन मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. मुलगी हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून आधीच आत बसली होती. तिने आईसाठी सरकून जागा केली.

नारळ फोडायच्या आधी आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आल्या. वाटीत पाणी घालून कुंकू कालवलं आणि बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ थांबलीच नाही. तिचे लाल थेंब झाले आणि जाळीपर्यंत ओघळले. त्यांनी दुसरी ओढली, तीही गेली. तिसऱ्यांदा त्यांनी चांगलं जाड बोट ओढलं, तर सगळा लाल लोंढा खाली उतरला. मागे उभ्या असलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली.

"गाडीला हात कुणाचा लागलाय?" आत्याबाईंनी विचारलं. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. रोज ओसरीवर बसून बघत होत्या की.

सगळ्यांच्या माना जाऊबाईंकडे वळल्या. जाऊबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "आत्या, पाण्यानं न्हाई बसायचं. मेण हाय त्येच्यावर. कपाळाला लावतासा तसं मेणाचं बोट लावा आन वर कोरडं दाबा."

तिथल्या एकूण एक सवाष्णीच्या कपाळावर त्या घडीला हेच होतं. मेण आणि वर कोरडं कुंकू. आणि ते मेण याच बाईने गाळलेलं. एकीने जरी आपल्या कपाळाला हात लावला असता तरी कळलं असतं. आत्याबाई जाऊबाईंच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुला आता कुंकवाचं काय ठावं गं?"

मला राहवलं नाही. मी मामंजींकडे वळले. "मामंजी, मेणामुळे ओघळलं ते. पाणी ठरलं नाही की मेण बसलं, हे तुम्हीच शिकवलंत ना त्यांना? आत्ता तर शाबास म्हणालात."

त्यांच्या एका शब्दाचं काम होतं. पाणी का ठरत नाही हे त्या अख्ख्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बायकांच्यात मी पडत न्हाई."

"आज हिनं याचं न्हाई," आत्याबाईंनी सांगून टाकलं. "पोरीच्या गाडीवर कुंकू ठरंना, मांडवात काय ठरायचंय?"

मुलगी गाडीत बसल्या बसल्या रडायला लागली. "आईला घ्या, आजी. आई नसंल तर म्या न्हाई जायाची." आत्याबाईंनी बाहेरून दार लावून टाकलं. "रडं काढू नगंस. काजाळ पसरंल," म्हणाल्या.

आणि मग मामंजींनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना कधीही क्षमा केली नाही, करणारही नाही. त्यांनी लग्नापुरत्या बोलावलेल्या ड्रायव्हरकडून कंदिलाचं रॉकेल मागवलं. स्वतःच्या रुमालावर ओतलं आणि बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढी जागा घासून काढली. मेण उतरलं. "आता लाव," ते बायकोला म्हणाले. आत्याबाईंनी तेच कुंकू, त्याच वाटीतलं, त्याच बोटाने लावलं. स्वस्तिक एका दमात बसलं. "बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "हिचा हात पुसला तवा बसलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजींनी रुमाल घडी करून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि पुढच्या सीटवर बसले. मागे मुलीशेजारच्या जागेवर आत्याबाई. आम्ही बाकीचे वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये. जाऊबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या तिथेच राहिल्या. ट्रक वळेपर्यंत मला त्यांचं पांढरं लुगडं दिसत होतं.

लोणंदला कन्यादान मी केलं. मुलीचा हात माझ्या हातात होता, थंडगार. व्याह्यांकडच्या बायकांनी विचारलं, मुलीची आई कुठाय? आत्याबाई म्हणाल्या, "तब्येत बरी न्हाई तिची." मांडवाबाहेर पुरुषांचा घोळका गाडीभोवती जमला होता. काय चकाकतीया, फौजी माणसाचा हातच न्यारा, असं चाललेलं. मामंजी मिशीवर पालथी मूठ फिरवत ऐकत होते.

परत आलो तेव्हा जाऊबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं, पिठलंभाकरी तयार होती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पदुर सावरायला पोरीच्या जवळ कोण हुतं?" मी म्हणाले, "मी होते." त्यांनी मान हलवली आणि पानं वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मेणाचा डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला. रॉकेलने पुसलेली जागा काळ्या रंगावर मळकट दिसत होती. "बॉनेटवर डाग पडलाय. तेवढं बघ," म्हणाले.

जाऊबाईंनी डबा उचलून परत त्यांच्या खुर्चीपाशी ठेवला. "सवाष्णीला सांगा," म्हणाल्या आणि गोठ्यात निघून गेल्या.

त्या घरात मामंजींना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पण त्यांना रागवायलाही जागा नव्हती. चार लोकांच्या देखत स्वतःच तो हात पुसला होता ना! डबा माझ्याकडे आला. मी चुडा कोपराकडे सरकवला नाही. उलट मनगट चांगलं टेकवून, मन लावून पुसली. दारावर, बॉनेटवर, टपावर माझ्या बांगड्यांची नक्षी उमटली. मामंजी ओरडून ओरडून लाल झाले आणि मला ते बघायला फार आवडलं. परत कुणी मला सांगितलं नाही. पुढे ते स्वतःच वाकून वाकून पुसत, कंबर धरून उठत. एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेले.

आत्याबाईंचं कुंकू गेलं. बांगड्या गेल्या. मेणाची डबी माझ्याकडे आली. आणि वर्ष सरल्यावर माझ्या धाकट्या नणंदेचं, जाऊबाईंच्या मुलीहूनही लहान असलेल्या आत्याबाईंच्या शेंडेफळाचं, लग्न निघालं. गाडी खोपीत धूळ खात होती, ती बाहेर काढायची ठरली. आत्याबाई अलीकडे भिंतीला टेकून बसून असत. मुलीच्या लग्नाच्या गोष्टी आम्ही बायका त्यांच्यासमोर बोलत होतो आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. एकदा त्यांनीच चाचरत विचारलं, "मला न्याल न्हवं मांडवात? कडंला बसंन."

जाऊबाई उठल्या. आतून मेणाचा डबा आणि जुनं धोतर घेऊन आल्या आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"आत्या, आता तुमच्याबी हातात ना बांगडी, ना आंगठी. चरा पडायचा न्हाई."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले. मला दया आली नाही. उगाच आली असं लिहिणार नाही. आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. चिंचेखाली गाडीपाशी जाऊन त्यांनी धूळ उतरवली, टिपलं, मेण घेतलं आणि लहान लहान गोल फिरवू लागल्या. ऊन चिंचेखाली शिरेपर्यंत फिरवत होत्या. मग धोतराने घासून त्या बाजूला झाल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

जाऊबाई तांब्या घेऊन गेल्या. बोटं बुडवून बॉनेटवर पाणी शिंपडलं, खाली वाकून नीट बघितलं.

"ठरतंय अजून," त्या म्हणाल्या. "परत लावा."

आत्याबाईंनी फडकं पुन्हा मेणात घातलं.