खटकाभाऊंचं उजवं पातं

खटकाभाऊ एकट्या माणसाला वेळ विचारत नसत. दोघांना विचारत, आणि दोघांनी सारखीच वेळ सांगितली तर त्यांचा संशय वाढे. "ठरवून सांगून राह्यले," असं पुटपुटत ते तिसरा माणूस शोधत. मी सिंदेवाहीत आयटीआयमध्ये शिकवायला गेले तेव्हा ते माझे घरमालक झाले. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. समोर काहीही आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मले इथी काहीतरी खटकते." नाव त्यावरूनच पडलं होतं.

सगळी नोकरी त्यांनी लाकडाच्या डेपोत काढली होती. सागाचा ओंडका वरून धड दिसतो आणि आतून पोकळ निघतो. आणणारा मात्र शपथेवर धडच सांगतो. अशा ओंडक्यांत आणि अशा माणसांत आयुष्य गेल्यामुळे असेल, भाऊ बाजारातल्या भोपळ्यालाही बोटाच्या पेरानं ठोकून बघत. त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणत असे, हसत सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला तं हे बाजूनं वाकून पाहून राह्यले होते, पोरगी तेच हाय का म्हून." भाऊ गंभीरपणे म्हणत, "बदलली असती तं?"

माझ्या खोलीतून रोज संध्याकाळी टकटक-खणखण ऐकू येते म्हणून ते एकदा तरातरा वर आले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या मीटरवर कसलं तरी यंत्र चालवते. मी कॉम्प्युटरवर पिनबॉल खेळत होते. उतरत्या फळीवरून पोलादी गोळी घरंगळत येते, तळाशी दोन पाती असतात, बटण दाबलं की पातं उडतं आणि गोळीला वर फेकतं. मधून निसटली की गेली. खरं यंत्र आपल्याला कुठून मिळणार, म्हणून माझ्यासारखे हौशी लोक ते पडद्यावर खेळतात. भाऊंनी पडद्यामागे वाकून पाहिलं.

"गोळी खोटी, फळी खोटी. मंग तुमी खऱ्या काऊन बसल्या इथी?"

पण खुर्ची ओढून तेही बसले, आणि मग रोजच खेळायला येऊ लागले.

या छंदात दोन पंथ आहेत. एक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, की-बोर्डानं खेळणाऱ्यांचा. दुसरा, खऱ्या यंत्राएवढी लाकडी पेटी करून तिच्यात टीव्ही उताणा झोपवणाऱ्यांचा. पेटीच्या दोन्ही बाजूंना बटणं असतात आणि खेळायचं उभ्यानं. मला पेटी करायची होती. भाऊ मात्र कट्टर टेबलवाले झाले होते. "टेबलावर सबन डोळ्यासमोर असते. पेटीच्या पोटात काय चाल्लं, कोनाले ठाऊक?" तरीही मी प्लायवूड आणणार म्हटल्यावर त्यांनी आपल्या जुन्या पलंगाच्या सागाच्या फळ्या काढून दिल्या. प्लायवूडवर त्यांचा पेटीहूनही कमी भरवसा होता.

पेटी त्यांच्याच पडवीत उभी राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी सुताराची लेव्हल आणून पेटीवरच्या काचेवर ठेवली. "उतार नाई."

"उतार चित्रात आहे, भाऊ."

"मंग गोळी कोनाच्या भरवशावर खाली येऊन राह्यली?"

काही दिवसांनी नवीनच तक्रार सुरू झाली. डावं पातं उशिरा उडतं. की-बोर्डावर असं कधी होत नव्हतं, म्हणजे पेटी फसवते आणि पेटी मी केलेली. ते माझ्याकडे ओंडका आणणाऱ्याकडे पाहावं तसं पाहू लागले. मी वायर तपासली, डावं बटण नवं बसवलं. फरक नाही. शेवटी तेच म्हणाले, "दोन्हीच्या वायरी अदलाबदल करा. चोर सापडते."

मी केल्या. आता डाव्या बटणानं उजवं पातं उडणार होतं. भाऊ खेळले, आणि उजवं पातं उशिरा उडू लागलं.

"तुमी दाबून पाहा बरं, बाई."

मी तेच डावं बटण दाबलं. पातं तत्काळ उडालं. भाऊ आपल्या डाव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते. की-बोर्डावर ते दोन्ही पाती उजव्याच हाताच्या बोटांनी चालवायचे, हे मला तेव्हा आठवलं. वहिनी दारात उभी होती.  भाऊ म्हणाले, "मशीन बरोबर हाय मंग."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्यांना अंगठा आणि बोट भराभर जुळवायला सांगितलं. उजवा हात चालला, डावा मागे पडला. कंपवाताची सुरुवात आहे, असं ते म्हणाले. "यायले तुमी आधीच सांगून ठेवलं होतं," बाहेर आल्यावर भाऊ माझ्यावर घसरले. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. या वेळी मात्र त्यांनी तिसरा माणूस शोधला नाही.

बरेच दिवस ते पडवीत फिरकले नाहीत. मी म्हटलं, वर या, की-बोर्डावर एका हातानं खेळता येईल. ते आले नाहीत. एका संध्याकाळी पेटीजवळ जाऊन त्यांनीच मला हाक मारली. "डावीकडं तुमी उभ्या राहा. उजवं माह्याकडं." की-बोर्डावर एका वेळी एकालाच खेळता येतं, पेटीशी दोघं उभे राहू शकतात. गोळी निसटली की ते म्हणत, "तुमी मुद्दाम सोडली." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक येई.

पुढं माझी बदली गडचिरोलीला झाली. पेटी मी तिथंच ठेवली आणि डाव्या बाजूला वहिनी उभी राहू लागली. एकदा तिचा फोन आला. आवाज दबका होता. "बाई, त्यायचा उजवा हात बी आता ऐकत नाई. माह्या बाजूले एक चोरटं बटन लावून देता काय? उजव्या पात्याचं. त्यायले दिसलं नाई पायजे."

मी रविवारी गेले. भाऊ झोपले असताना पेटीच्या खालच्या कडेला, वहिनीच्या हाताशी, ते बटण बसवलं. संध्याकाळी दोघं खेळले. गोळी बराच वेळ खाली गेलीच नाही. भाऊंचा चेहरा उजळला होता.

वहिनी चहा ठेवायला आत गेली तसे ते माझ्याकडे वाकले.

"उजवं पातं माह्या बोटाच्या आधी उडून राह्यलं."

 "मी वायर बघते, भाऊ."

"राहू द्या." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिले वाटते, मले समजत नाई. वाटू द्या."

भाऊ गेल्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा वहिनी बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "एवढा संशयी मानूस. पन आपलं बटन काई त्यायले शेवटपर्यंत सापडलं नाई."

"नाही सापडलं, वहिनी," मी म्हटलं.