इंदूबाईंची मोठ्या अक्षरांची पानं

इंदूबाईंनी शेवटपर्यंत खुर्ची सोडली नाही.

खुर्ची म्हणजे मेडशीच्या विहारातली, ग्रंथवाचनाची. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी त्या वाचायच्या, बाकीचे ऐकायचे.

माझ्या थोरल्या जाऊबाई. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. माणसं आवाजावरून ओळखायच्या. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नव्हता.

विहारात कोणीतरी सुचवलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावू.

"मोबाईलच वाचते तं मी कायले बसू? हार घालून ठेवा मले."

मी ग्रंथ टाईप करायला घेतला. पहिली प्रिंट मोठी, बोल्ड, आडव्या कागदावर.

"सुमन, अक्षरं एकमेकाईच्या आंगावर बसून राह्यले."

बोल्ड काढलं. ओळी आखूड केल्या, दोन ओळींत जागा सोडली. साधा, सुटसुटीत फॉन्ट घेतला.

त्यांनी एक पान सलग वाचलं. माझं काम संपलं, असं मला वाटलं.

त्यांच्या मुलाने, मिलिंदने, सगळी पानं लॅमिनेशन करून आणली. आपल्याकडे कागद महत्त्वाचा झाला की पहिलं लॅमिनेशन.

संध्याकाळी समोरच्या ट्यूबलाईटमुळे पान नुसतं चकाकलं. बाईंनी ते इकडे वाकवलं, तिकडे वाकवलं. अक्षर दिसेना.

मागून एकजण म्हणाला, "राहू द्या आता, बाई. लई वर्सं वाचलं तुमी."

बाई मात्र पान खाली ठेवायला तयार नव्हत्या.

मी म्हटलं, "मिलिंद, खुर्ची फिरव."

उजेड पाठीमागे गेला. बाईंनी लोकांकडे पाठ करून अख्खं प्रकरण वाचलं.

शेवटी म्हणाल्या, "असंच बरं हाय. तशीबी तुमची तोंडं मले कुठं दिसतेत."

मिलिंदने पुढच्या आठवड्यात फिकट पिवळ्या, न चमकणाऱ्या कागदावर नवीन प्रिंट काढल्या. खुर्ची पुन्हा लोकांकडे वळली.

बाई गेल्या तेव्हा ग्रंथ अर्धाच वाचून झाला होता. उरलेला मिलिंदने त्याच पानांवरून पूर्ण केला. त्याची नजर चांगली आहे. तरी यंदाही छापील पुस्तक उघडत नाही.

ते "राहू द्या" म्हणणारे परवा माझ्याकडे आले होते. मोतीबिंदू पिकायचा आहे म्हणे. घरी वाचायला एक प्रत पाहिजे.

दिली. लॅमिनेशन करू नका, एवढं सांगितलं.

बाई, वाचन सुरू आहे.

आदरपूर्वक जयभीम.