सत्काराची शाल

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि ताईची शाल हाती लागते. आज सकाळपासून तिची घडी मी तीनदा मोडली आहे.

ते दुष्काळाचं साल होतं. माजलगावचं धरण तळाला गेलं होतं. साखर कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, म्हणून चेअरमनसाहेबांनी सत्कार काढले. पावसासाठी उपास धरणारी म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं नाव यादीत पहिलं होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार करता करता तिला जेवायचा वारच उरला नव्हता. फराळाची भगर ती गुपचूप शेळीला घालायची आणि आरशापुढे म्हणायची, "लई जाड हाय मी अजून." तिची पाळी थांबली होती, केस मुठीनं गळत होते, नखं निळी पडली होती. आई त्याला व्रताचं तेज म्हणायची.

एप्रिलच्या भर दुपारी साहेबांनी तिला शाल पांघरली. "गावात अशी पोरगी हाय, मग पाऊस कावून येनार न्हाई?" टाळ्या पडल्या. बाकीच्यांनी आपापल्या शाली लगेच काढून घाम पुसला. ताईनं मात्र आपली गळ्याशी आवळून धरली आणि खाली आल्यावर माझ्या कानात म्हणाली, "बरं झालं बाई, लई थंडी वाजायली."

मे महिन्यात तिचं हृदय बंद पडलं. अन्नावाचून ते झिजलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या उन्हात थंडी वाजणाऱ्या बहिणीला मी एवढंच म्हटलं होतं, "मग नीट गुंडाळून घे की."