बोहनीच्या आधी पिग नाही!

आमच्या ऑफिसात लोखंडाची धूळ आणि किस्से सारखेच साचतात. सकाळी टेबल पुसा, दुपारी बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर परत तयार! मी भनपुरी नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या या ऑफिसात इतकी जुनी झाले की धूळ पुसणं कधीच सोडलं. किस्से मात्र पुसवत नाहीत.

आधी धंदा सांगते. आम्ही पिग आयरन विकतो, म्हणजे भट्टीतून निघालेल्या कच्च्या लोखंडाच्या लाद्या. फाउंड्रीवाले त्या वितळवून पंप, पाइप, काय वाट्टेल ते ओततात. मालक आमचे सेठजी. कपाळावर टिळा, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण बंद. त्यांचा नियम एकच. दिवसाचा पहिला सौदा, म्हणजे बोहनी, होईपर्यंत 'त्या' प्राण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. आणि धंदा त्याच्याच नावाचा!

माझा पहिला दिवस. फोन वाजला, मी उत्साहात उचलला, "हॅलो, पिग आय..." एवढ्यात सेठजींचा हात फोनवर! लाइन कट.

"बिटिया, बाहर जाओ. दाहिना पैर रखके फिर से अंदर आओ. दिन दोबारा शुरू करना पड़ेगा."

मी पर्स घेऊन बाहेर गेले, उजवा पाय टाकून आत आले, सगळ्यांना परत नमस्ते केला. एकाच ऑफिसात एकाच दिवशी दोनदा जॉइन झालेली मी पहिलीच असेन!

आमचे गेडाम काका स्टील प्लांटातून रिटायर होऊन आमच्याकडे लोडिंग सुपरवायझर झाले. एकदा बोहनी रखडली होती आणि दारात नवा ड्रायव्हर ट्रक घेऊन उभा.

"चल, भर," काका म्हणाले.

"का भरना हे?" ड्रायव्हरने आपल्या बोलीत विचारलं, म्हणजे काय भरायचं.

"ते."

"ते का?"

"अबे तेच! ज्याच्यासाठी आला तू!"

"मोला तो बताय नइ हें, कका!"

काकांनी कपाळाला हात लावला. "पाह्य बाबू, नाव घेतलं तं माही नोकरी जाईन, नाही घेतलं तं तुही गाडी रिकामी जाईन! जा, चहा पिऊन ये."

ड्रायव्हर चहा पिऊन आला, भजी खाऊन आला, ट्रकखाली एक झोपही काढली. मग आतून सेठजींचा आवाज आला, "बोहनी हो गई!" आणि काका अंगणात जे ओरडले, "पिग भर बे, पिग!" ते समोरच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं.

या अशा ऑफिसात ऋतुजा आली. गोंदियाची पोट्टी, इंग्रजीत एम.ए., इथल्या समता कॉलोनीत खोली घेऊन राहणारी. सेठजींनी तिला इंग्रजी पत्रव्यवहारासाठी तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं. घरच्यांनी बजावून ठेवलं होतं, "पक्की नाही झाली तं सामान बांधून घरी यायचं." आणि तिला परत जायचं नव्हतं. पहिल्यांदाच स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. ती किल्ली ती टेबलावर समोरच ठेवायची.

पण जीभ! पहिल्याच सकाळी सेठजींना म्हणाली, "सेठजी, वराह तो विष्णु भगवान का अवतार है!"

सेठजी शांतपणे म्हणाले, "अवतार की पूजा होती है बिटिया, बोहनी नहीं."

तिलाही बाहेर जाऊन उजवा पाय टाकून यावं लागलं, हे सांगायला नकोच.

बोहनी झाली की मात्र तिला रान मोकळं. एकदा डबा खाताना म्हणाली, "काका, गिनी पिग गिनी देशाचाही नाही आणि पिगही नाही. फुकटचं नाव."

काका चटणी वाढता वाढता म्हणाले, "मंग मीबी तोच! कार्डावर सुपरवायझर. सुपर नाही, आन् कोणी माह्यं ऐकतबी नाही!"

सेठजींच्या नातवाला कोणीतरी गुलाबी पिगी बँक दिली. सेठजींनी ती ऑफिसात आणून ठेवली आणि ते रोज बोहनीपर्यंत तिच्यावर रुमाल टाकायचे. ऋतुजा म्हणाली, "काही जण सांगतात, जुन्या इंग्रजीत पिग नावाची माती होती, तिच्या मडक्यात लोक पैसे ठेवायचे. जनावराचा आकार मागून आला. पण पंडितांना हे पटत नाही."

"पंडितों को छोड़ो!" सेठजी खुश झाले. "मतलब असल में मटका है!" आणि रुमाल गेला तो गेलाच.

मग एका संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "अंग्रेजों को लोहे के लिए और कोई नाम नहीं मिला?"

ऋतुजाने सांगितलं. पूर्वी वितळलेलं लोखंड रेतीत ओतायचे. मधे एक लांब चर, त्याला लागून ओळीने छोटे साचे. वरून पाहिलं की वाटायचं, आई आडवी झालीय आणि पिल्लं दूध पिताहेत.

"असंच दिसे," काका म्हणाले. "म्या पाह्यलंय."

सेठजी बराच वेळ माळ फिरवत बसले. मला वाटलं, आता नियम गेला! दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि म्हणाले, "माँ-बच्चेवाली बात अच्छी है. लेकिन बोहनी के बाद."

ट्रायलचा शेवटचा दिवस शनिवारी आला. आदल्या दिवशी सेठजी मला हळूच म्हणाले होते, "सुनंदा बेटी, लड़की होशियार है, पर बहस बहुत करती है. कल शाम को बोल देना, सोमवार से न आए." मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. सकाळी तिची किल्ली टेबलावर दिसली आणि मी मान वळवली.

एवढ्यात दारात गाडी थांबली. कोईमतूरचे एक मोठे फाउंड्रीवाले! हिंदी शून्य. सेठजींचं इंग्रजी शून्य. आणि बोहनी व्हायची होती.

पाहुणे खुर्चीत बसले आणि खणखणीत इंग्रजीत सुरू झाले. "मला पिग पाहिजे! चांगला पिग! किती पिग आहे तुमच्याकडे?"

काकांनी डोळे मिटले. सेठजींच्या हातातली माळ मशीनसारखी धावू लागली. "बिटिया," ते कसेबसे म्हणाले, "इनको... कुछ बोलो."

ऋतुजा उठली. तिने हात जोडले आणि अतिशय नम्र इंग्रजीत त्या माणसाला सांगितलं, "सर, पहिला सौदा होईपर्यंत आमच्याकडे हे नाव घेत नाहीत. कृपया बाहेर जा आणि उजवा पाय टाकून परत आत या."

मी पदर तोंडाशी धरला. गेला सौदा, गेली पोट्टी!

पाहुणे उठले. आमच्याकडे एकेक करून पाहिलं. बाहेर गेले. आता गाडी सुरू होणार म्हणून आम्ही कान लावून बसलो.

दारात उजवा पाय आला. अनवाणी! बूट काढून आले होते. "आधी नाही का सांगायचं?" ते ऋतुजाला म्हणाले. "आमच्या फाउंड्रीत पहिली ओतणी होईपर्यंत कुणी कुणाला 'कुठे चाललास' विचारत नाही!"

सौदा झाला. बोहनी अशी झाली की सेठजींनी पेढे मागवले.

संध्याकाळी मी शब्द जुळवत बसले होते, तर सेठजींनीच तिला समोर बोलावलं.

"बिटिया, तुम्हारा ट्रायल खतम."

तिने किल्ली उचलली. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"अब बाहर जाओ," सेठजी म्हणाले, "और दाहिना पैर रखके फिर से अंदर आओ."

तिने किल्ली परत टेबलावर ठेवली. मग पळत बाहेर गेली. दारात उजवा पाय टाकला, दोन्ही हात चौकटीला लावले आणि छाती भरून ओरडली,

"पिऽऽऽग!"