नवापूरच्या जानकीआय आणि त्यांची गोंदणाची सुई

आमचे हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागले, तेव्हा आम्ही साताऱ्याकडून येऊन बोईसरला बिऱ्हाड केले. शेजारणीबरोबर मासळी घ्यायला नवापूरला गेले, तर एका ओट्यावर जानकीआय लग्न ठरलेल्या मुलीच्या हातावर गोंदत होत्या. दुखत होते म्हणून मुलगी सारखा हात ओढून घेत होती. उभी काय राहिलीस, मनगट धर, असे त्यांनी मला मान वर न करताच फर्मावले. ना ओळख ना पाळख, पण मी मुकाट्याने बसले. त्या नादात मासळी राहिली आणि घरी ह्यांची बोलणी खावी लागली.

तेव्हापासून मी त्यांची शिष्या. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिताना सुईपेक्षा लेखणीच जड वाटते आहे.

जानकीआयंचे सारे सामान एका पुरचुंडीत मावते. बांबूच्या काडीला दोऱ्याने आवळलेल्या तीन सुया, तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आणि वरून लावायला हळद. सुई मात्र नवी कोरीच हवी. फाटके शिवलेली सुई अंगाला लावायची नाही, आणि पाणी खळखळ उकळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. जत्रेत बॅटरीवर गोंदणारे यंत्र आले, तेव्हा आम्ही त्यांना हौसेने दाखवायला नेले. त्यांनी ते हातात घेऊन निरखले आणि परत केले. पोरीला दुखतेय हे ह्याला कसे कळणार, एवढेच त्या म्हणाल्या. कारखान्यातली पोरे आता त्या यंत्राकडेच जातात, आणि शिकलेल्या मुलींना गोंदण गावंढळ वाटते. ओटा बहुतेक दिवस रिकामा असतो.

उपाशी अंगाला सुई लावायची नाही, हा दुसरा दंडक. डोंगरातल्या बाया हंगामाला कामासाठी खाली उतरतात. त्यांतली एक गोंदायला बसली आणि तिला भोवळ आली. जानकीआयंनी घरची भाकरी तिच्यापुढे ठेवली, तिचे पोट भरेपर्यंत थांबल्या आणि मगच काडी उचलली.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. आधी काजळीने नुसती नक्षी काढायची आणि मुलीला पाणी प्यायला धाडायचे. ती नक्षी पुसून आली, तर तिच्या मनात नाही असे समजून सुई आवरून ठेवायची. यावरून किती सासवा त्यांच्याशी भांडल्या असतील! त्या ऐकून घेत, पण सुई काही बाहेर काढत नसत.

हा नियम त्यांनी स्वतःच्या लेकीलाही लावला. तुळशी त्यांची एकुलती एक. तिने कपाळावरची नक्षी पुसली, म्हणून जानकीआयंनी गोंदण पुढच्या वर्षावर टाकले. पुढचे वर्ष आलेच नाही, तापाने पोर गेली. इकडे समजूत अशी, की दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर जाते आणि त्यावरूनच वर आपली माणसे ओळख धरतात. म्हाताऱ्या म्हणाल्या, आता तरी एक टिंब टोच. जानकीआयंनी सुई हातात घेतली आणि खाली ठेवली.

"तिनं पुसलं व्हतं. निजल्या लेकराला टोचाचा नाय."

हे मला त्यांनीच सांगितले, अगदी शांतपणे. ऐकताना रडले ते मी.

दर दिवाळीनंतर त्या आपल्या हातावरचे विटलेले गोंदण माझ्याकडून पुन्हा काढून घेतात. या वयात हा सोस कशाला, असे मी एकदा चेष्टेने विचारले.

"तिच्या अंगावर वळखीचा कायच नाय," त्या म्हणाल्या. "मंग तिनंच मला वळखाला पायजे."

त्यानंतर मी कधी चेष्टा केली नाही. आता त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. सुई लागली की लगेच रक्त येते. माझा हात थांबतो, त्या डोळे मिटून घेतात आणि चालव म्हणतात.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. जानकीआय, तुमची वाट बघणारे कोणी तिकडे आहे, हे ठाऊक असूनही मी तुम्हाला भरपूर आयुष्य मागते. हा माझा स्वार्थ समजा. प्रकृतीला जपा, दोन वेळा नीट जेवा. आणि जाल तेव्हा तुमच्या हातावरची रेघ न् रेघ काळीभोर असेल. पोरीला शोधावे लागणार नाही.