एकेचाळीस ते बावन्न

गोदामात सगळे त्याला पेटीमास्तर म्हणत. जमिनीत खोल भोक पाडणाऱ्या मशीनच्या नळीतून मनगटाएवढा जाड दगडाचा दांडा वर येतो. तो पेटीत लावायचा, खोली लिहायची आणि पेटी मांडणीवर चढवायची, हे त्याचं काम. एका पेटीत मीटरभर लांबीच्या तीन खाचा. भरली की सत्तावीस किलो. एकतीस वर्षं त्याने हेच केलं, आणि कंबर सोडली तर कसली तक्रार नव्हती.

या कामात नवखा माणूस एक चूक हमखास करतो. नळी रिकामी करताना जे आधी बाहेर पडतं, ते सगळ्यात खोलचं असतं. नवखा तेच पेटीत पहिलं ठेवतो, आणि तीन मीटर दगडाचं खालचं वर होऊन बसतं. मास्तरनेही पहिल्या महिन्यात ही चूक केली होती. तेव्हाच कानाला खडा लावला.

आता भूगर्भ खात्याचे साहेब तीच चूक त्याच्या गळ्यात घालत होते.

"एकेचाळीस ते बावन्न. बारा पेट्या उलट्या भरल्यात, मास्तर."

"नाही भरल्या."

साहेबांनी दगडावरच्या पट्ट्यांना पेन्सिल टेकवली. पाण्यात गाळ बसतो तेव्हा जड रेती आधी तळाला जाते, बारीक माती मागून वर बसते. गाळाचा दगड झाला तरी तो क्रम मोडत नाही. अडतिसाव्या पेटीपर्यंत तसंच होतं. पुढच्या दोन पेट्यांत नुसता काळा, मऊ दगड. त्यात कण दिसतच नव्हते. एकेचाळीसपासून मात्र बारीक खाली आणि भरड वर.

"दगड खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

"मग मी बोलतो?"

"तसं कुठे म्हटलं? वय होतं माणसाचं. सोमवारपासून फाटकावर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे."

त्या पेट्या मास्तरने मशीनपाशी बसून स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती, आणि असती तरी त्याने ढकललं नसतं.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, फाटकावर बसलात तर काय बिघडलं? कंबरेला बरंच."

"नवशिक्याची चूक माझ्या नावावर लागते."

"मग दाखवून द्या. दगडाखाली हात सापडला की ओढायचा नसतो, हळूच काढायचा असतो."

"एक नाही, तेरा दगड आहेत. सत्तावीस किलोचे."

"म्हणजे ठरलंय तुमचं," ती म्हणाली आणि त्याचा कंबरेचा पट्टा कपाटातून काढून ठेवला.

शनिवारी तो दोन तास आधी गेला. चाळीस ते बावन्न, तेरा पेट्या एकट्याने खाली उतरवल्या. आठवीनंतर दहा मिनिटं बसला. विश्रांतीही कामातच धरायची. पडलेली पेटी कोणाच्याच उपयोगाची नसते.

मग त्याने प्रत्येक पेटीचा शेवटचा तुकडा आणि पुढच्या पेटीचा पहिला तुकडा ब्रशने धुऊन काढला आणि तोंडाला तोंड लावून फिरवला. पेटी उलटी भरलेली असती, तर तीन-तीन मीटर लांबची तोंडं समोरासमोर आली असती. ती जन्मात बसली नसती. चाळीसचं एकेचाळीसला बसलं. एकेचाळीसचं बेचाळीसला बसलं. त्यापुढचं मशीनने घासून गोल केलं होतं, ते बसेना. त्याने जोर केला नाही. खडूने फुली मारली आणि पुढे गेला.

साहेब आले, सोबत खात्यात नव्याने आलेल्या मॅडम. साहेबांनी सत्तेचाळीसचं टोक स्वतः अठ्ठेचाळीसला लावून फिरवलं. टक्क बसलं. बोटभर रुंदीची पांढरी शीर एका तुकड्यातून सरळ दुसऱ्यात गेली.

साहेबांनी ते काढून पुन्हा लावून पाहिलं.

"पेट्या बरोबर आहेत, सर," मॅडम म्हणाल्या. "जमीनच उलटी आहे."

त्यांनी पुसायचं ओलं फडकं टेबलावर पसरलं आणि दोन्ही बाजूंनी आत रेटलं. मधे घडी उभी राहिली आणि एका अंगावर आडवी झाली. "दोन खंड जवळ आले, मधला समुद्राचा तळ असा चेपला. वरचा पदर सुलटा, खालचा उलटा. काळा दगड आहे, तिथे घडी वळलीय."

"दगड वळतो? मोडत नाही?" मास्तरने विचारलं.

"खोलवर तापलेला असतो. आणि घाई नसते. वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर."

मास्तरने मनात हिशेब केला. "म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीत पाऊण मीटर. पेटीची एक खाचसुद्धा भरली नाही."

मॅडम हसल्या. "खंडांच्या कडा पहिल्यांदा जुळवल्या तेव्हाही लोक योगायोग म्हणाले होते, मास्तर. दोन्हीकडचे दगडही जुळले, तेव्हा कुठे लोक ऐकू लागले."

साहेबांनी वही उघडली. "फाटकाचं राहू द्या. थर उलटे, पेट्या बरोबर, असं लिहितो. सगळे सांधे जुळले."

"बारातले नऊ जुळले. तीन झिजलेत. तेही लिहा."

"नऊ पुरेत हो."

"झिजलेत ते जुळले नाहीत, साहेब. लिहा."

साहेबांनी लिहिलं. मग वही बाजूला ठेवून बावन्नची एक बाजू धरायला वाकले.

"गुडघ्यात वाका," मास्तर दुसरी बाजू धरत म्हणाला. "नवखे सगळे कंबरेतूनच उचलतात."