आधी काकूंच्या गालावर

आमच्या कॉलनीतल्या ट्रायलकाकूंच्या चेहऱ्यावर कायम काही ना काही प्रयोग चाललेला असे. कधी एक भुवई दुसरीपेक्षा बारीक, कधी हनुवटीवर नव्या क्रीमचा लाल चट्टा, कधी केसांची एकच बट तांबडी. बैठकीच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या या बाईचं तत्त्व साधं होतं. "आधी माझ्या थोबाडावर, मंग गिऱ्हाइकाच्या. जळलं तर माझं जळू दे." या सचोटीवर सगळ्या कॉलनीचा विश्वास होता. माझाही होता, आणि तोच मला नडला.

आमची कॉलनी शहराच्या कडेला, बीड बायपासला. तिथे आजूबाजूला तेव्हा इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या आणि नळ मात्र कोरडे होते. लागोपाठ दुष्काळ पडलेला. टँकर आला की काकू गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच सोडून पाइप धरायला धावत. माहेर अजिंठ्याकडचं, शेतकरी घरातलं. भीती हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. पाइपवरून हमरीतुमरीवर आलेल्या पुरुषांना त्या सांगत, "भाऊ, जरा बाजूला व्हा. माझं गिऱ्हाईक एका भुवईवर बसलंय तिकडं." पुरुष हसत आणि बाजूला होत.

माझं लग्न ठरलं होतं. मुलगा शहरातल्याच छावणी भागातला. आणि माझे गाल मुरमांनी भरलेले, त्यातली बरीच पिकलेली. काकूंनी बारीक सुयांचा एक रोलर मागवला. तो गालावर फिरवला की नवी त्वचा येते, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. शिरस्त्याप्रमाणे तो आधी स्वतःच्या गालावर फिरवला. थोड्या दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, "हात लावून बघ. काय झालं का मला? काय नाय. उलट लई मऊ झालंय. भ्यायचं कशाला?"

मी भ्यायलेच होते. पण जी बाई आपल्या गालावर सुया फिरवून बसली आहे, तिला नाही कसं म्हणायचं? त्यांनी रोलर स्पिरिटमध्ये बुडवला. एवढ्या टंचाईतही हात साबणाने चोळचोळून धुतले. पहिल्या मुरमावरून सुया गेल्या तेव्हा मी मान मागे ओढली. "झालं गं बाई, झालं," असं त्या म्हणत राहिल्या आणि रोलर फिरत राहिला.

दोन-चार दिवसांत गाल सुजून आला. जिथे कधी साधी पुटकुळी नव्हती तिथेही पिवळी टोकं दिसायला लागली. आईने आरशावर टॉवेल टाकला, पण बोटांना कोण अडवणार? मी चाचपत राहायची आणि रोज हाताला नवा फोड लागायचा. डोळ्यापर्यंत गेलं तर? व्रण असेच राहिले तर? लग्न मोडेल ही धास्ती होतीच. त्याहून मोठी धास्ती ही, की हा चेहरा आता कधीच माझा होणार नाही. काकू रोज येत, पण उंबऱ्याच्या आत येत नसत. "टँकरचं पाणीच नासकं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

शेवटी त्यांनीच मला रिक्षात घालून औरंगपुऱ्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पाण्याला कशाला दोष देता? रोलर कितीही स्वच्छ असू द्या, पिकलेल्या मुरमांवरून सुया फिरवायच्याच नसतात. एका फोडातली घाण सगळ्या गालावर पेरली जाते. आधी मुरमं बरी करायची. मग खड्डे राहिले तर सुयांचा विचार, आणि तोही दवाखान्यात."

"पण मी आधी माझ्यावर करून पाह्यलं होतं हो, डॉक्टर," काकू म्हणाल्या.

"तुमच्या गालावर मुरमं होती का?"

काकूंनी नकळत स्वतःच्या गालावर हात ठेवला.

औषधं बरेच महिने चालली. पाणी नाही म्हणून लग्न पुढं ढकलतोय, असं आम्ही पाहुण्यांना कळवलं. त्या साली कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. गाल हळूहळू निवला, थोडे खड्डे तेवढे मागे राहिले. काकूंनी रोलर मोडून टाकला. नवीन काही आणणंही बंद केलं. एखादी मुलगी मुरमं घेऊन आली की "आधी डॉक्टरला दाखव जा," म्हणून खुर्चीतून उठवत. एवढी धीट बाई माझ्यापायी भित्री झाली, याचं मला फार वाईट वाटायचं.

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला माझी हळदच आठवते. बायका हसत-खिदळत माझ्या गालांना हळद फासत होत्या. काकू पुढे आल्या, खाली बसल्या, पायांना आणि गुडघ्यांना हळद लावली आणि उठून मागे सरकल्या.

"गालाला नाही लावत?" मी विचारलं.

"नगं. तिथं माझा हात नगं."

मी त्यांचं मनगट धरून हात ओढला आणि गालावर टेकवला. त्यांनी हात काढून घेतला नाही, फक्त वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "दुखतंय का गं?"